मेथोट्रेक्सेट सुरू करू की नको? आमवाताच्या औषधांचा फायदा आणि धोका कसा तोलायचा

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, घरी येऊन नाव गुगल केलं आणि पहिल्याच ओळीत दिसलं की हे कॅन्सरचं औषध आहे. बहुतेक जण इथेच अडकतात. मग एखादी मावशी फोनवर सांगते की अगं ही औषधं प्रतिकारशक्तीच मारतात, एकदा लागली की सुटत नाहीत, आणि गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये पडून राहते, पेनकिलर मात्र चालू. मी आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) पेशंट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्या आणि किती घ्या हे मी सांगणार नाही. पण निर्णय घेताना कशासमोर काय ठेवायचं, कुठले आकडे विचारायचे आणि कुठल्या भीतीला किती किंमत द्यायची याची एक पद्धत असते, ती लिहितेय.

त्या कॅन्सरवाल्या ओळीचं आधी मिटवूया. कॅन्सरमध्ये मोठा डोस देतात तेव्हा तो एका वेळी शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅममध्ये असतो. आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. औषध तेच पण काम वेगळं, इथे ते सांध्यातली सूज पेटवणाऱ्या पेशींना शांत करतं. अमेरिकेत १९८८ पासून आमवातासाठी याला रीतसर मान्यता आहे, म्हणजे हे काही काल-परवा आलेलं औषध नाही, आणि म्हणूनच त्याचे धोकेही नीट माहीत आहेत. माझ्या मते हा मोठा प्लस पॉइंट आहे.

औषध न घेण्याचेही धोके आहेत, ते आधी लिहा

कागद घ्या आणि पहिली नोंद औषधाची करू नका, आजाराची करा. आपण सगळे चुकतो ते इथेच, औषधाचे साइड इफेक्ट पत्रकावर छापलेले असतात पण आजाराचे साइड इफेक्ट कुणी पट्टीवर छापून देत नाही.

आमवातात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि ती सूज दाबली नाही तर शेजारचं हाड कुरतडलं जातं, एक्सरेवर त्याला इरोजन म्हणतात, आणि बऱ्याच जणांत हे पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होतं. झालेलं इरोजन परत भरून येत नाही. बोटं वाकडी झाली की झाली. शिवाय हा नुसता सांध्यांचा आजार नाही, हार्ट अटॅकसारख्या त्रासाचा धोका आमवातात इतरांपेक्षा साधारण दीडपट धरतात, फुप्फुसं आणि डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, आणि इन्फेक्शनचा धोका तर औषध न घेताही थोडा जास्तच असतो. लोक ज्या लिम्फोमाला (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरला) घाबरून गोळी घेत नाहीत त्याचा धोकासुद्धा आजार जितका जास्त वर्षं पेटलेला राहील तितका वाढतो असं स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात दिसलंय.

२००२ मध्ये लॅन्सेटमध्ये अमेरिकेतल्या १२४० पेशंटचा अभ्यास आला होता, त्यात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा साधारण ६० टक्क्यांनी कमी निघालं. हा निरीक्षणाचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल नव्हती, त्यामुळे ६० हा आकडा घट्ट धरून बसू नका, पण दिशा स्पष्ट आहे. दुसरं उदाहरण ग्लासगोचं, २००४ चं. ११० पेशंट, अर्ध्यांना नेहमीसारखे उपचार आणि अर्ध्यांना दर महिन्याला तपासून सूज असेल तर औषध वाढवत न्यायचं. दीड वर्षाने दुसऱ्या गटातले ६५ टक्के लोक रेमिशनमध्ये, म्हणजे आजार जवळपास शांत, आणि नेहमीच्या गटात फक्त १६ टक्के. औषधं नवीन किंवा वेगळी नव्हती, फरक नेमाने तपासून ती वेळेवर वाढवण्याचा.

आता हे पारडं प्रत्येकाचं सारखं जड नसतं. रिपोर्टमध्ये अँटी-सीसीपी (आमवात ओळखायची रक्ततपासणी) खूप वाढलेलं असेल, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) चढलेलं असेल, बरेच सांधे खरोखर सुजलेले असतील (दुखणं वेगळं, सूज वेगळी) आणि एक्सरेत आताच इरोजन दिसत असेल तर आजार आक्रमक आहे आणि थांबण्यात तुमचं नुकसान जास्त आहे. उलट नुसतं आरए फॅक्टर (आमवातासाठीची दुसरी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलंय, सांधे सुजलेले नाहीत, सकाळचा आखडलेपणा दहा मिनिटांत जातो, तर आधी हा आमवातच आहे का ते विचारा. चिकनगुन्या झाल्यावर महिनोन् महिने सांधे दुखणारे आपल्याकडे कमी नाहीत. अशा वेळी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं (अशा सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञाचं) दुसरं मत घ्या, त्यात डॉक्टरांना वाईट वाटण्यासारखं काही नाही.

धोक्यांचे तीन ढीग करा

पत्रकावर मळमळ आणि लिव्हर फेल्युअर एकाच परिच्छेदात, एकाच छोट्या टायपात छापलेलं असतं, म्हणून वाचताना सगळंच सारखं भयंकर वाटतं. मी धोके किती भीतीदायक वाटतात यावरून न लावता ते पकडता येतात का यावरून लावते.

पहिला ढीग नुसत्या त्रासाचा. मळमळ, गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटणं, थोडे केस गळणं. याने जीव जात नाही पण लोक औषध सोडतात ते बहुतेक यामुळेच, आणि वाईट याचं वाटतं की यातलं बरंच टाळता येतं. फॉलिक अॅसिड नेमाने घ्या. गोळी रात्री जेवून घ्या. डोस मोठा असेल तर त्याच दिवशी दोन भागांत घेता येईल का ते विचारा. तरीही जमत नसेल तर त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं, आठवड्याला १५ मिलिग्रॅमच्या वर गोळी आतड्यातून तितकी नीट शोषली जात नाही त्यामुळे मोठ्या डोसला इंजेक्शन तसंही जास्त लागू पडतं.

दुसरा ढीग रक्ततपासणीत आधी दिसणाऱ्या धोक्यांचा. लिव्हरवरचा ताण, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होणं, किडनी. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर) आणि क्रिएटिनिन (किडनी) या तीन साध्या टेस्ट, सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि मग सगळं स्थिर झालं की साधारण तीन महिन्यांनी एकदा. एसजीपीटी वाढलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात आणि बहुतेक वेळा ते खाली येतं. एक गोष्ट कुणी सांगत नाही, गोळी घेतल्यावर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरतं वर जाऊ शकतं, म्हणून रक्त द्यायचं ते पुढच्या गोळीच्या आदल्या दिवशी द्या, उगाच घाबरगुंडी उडत नाही. दारू पिणाऱ्यांनी डॉक्टरांना खरं सांगा. आणि टेस्ट करायच्याच नसतील, "बरं वाटतंय मग कशाला सुया टोचायच्या" असा स्वभाव असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तुमच्यासाठी या औषधाचा धोका खरंच जास्त आहे. आकडे आहेत ते टेस्ट करणाऱ्यांचे.

तिसरा ढीग अचानक येणाऱ्यांचा, जे टेस्टमध्ये आधी दिसत नाहीत आणि तुम्हालाच ओळखावे लागतात. नवीन कोरडा खोकला आणि धाप, ताप, तोंडात खूप फोड येणं, अंगावर कारण नसताना निळे डाग, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फुप्फुसांना सूज येणं दुर्मीळ आहे पण ते लवकर ओळखावं लागतं. कागदावर हा ढीग मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या अजून एका माणसाला वाचायला द्या.

टक्केवारी ऐकली की "शंभरात किती?" विचारा

"धोका ४८ टक्क्यांनी वाढतो" असं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. टोफासिटिनिबचं उदाहरण घ्या, आमवाताची ही गोळी भारतात जेनेरिक आल्यापासून बरीच स्वस्त झालीय आणि सर्रास लिहिली जाते. २०२२ मध्ये तिचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ५० वर्षांवरचे आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले ४३६२ पेशंट, टोफासिटिनिब विरुद्ध टीएनएफ (सूज पेटवणारं शरीरातलं एक प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं. कॅन्सरचं प्रमाण ४.२ टक्के विरुद्ध २.९ टक्के, हार्ट अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना ३.४ विरुद्ध २.५. म्हणजे साधारण चार वर्षांत शंभर लोकांमागे कॅन्सर एखादा जास्त आणि हार्टची घटना जेमतेम एक जास्त. ४८ टक्के वाढ हा कॅन्सरचा तोच आकडा, दुसऱ्या भाषेत सांगितलेला. याला क्षुल्लक म्हणू नका, ६५ च्या पुढचा, वर्षानुवर्षं सिगरेट ओढलेला, आधी अँजिओप्लास्टी झालेला माणूस असेल तर हे टाळून दुसरं औषध शोधणंच शहाणपणाचं, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्येच कडक इशारा छापायला लावलाय. पण पस्तिशीची, सिगरेट न ओढणारी बाई असेल तर हाच आकडा तिला जसाच्या तसा लागू होत नाही कारण तशा बायका त्या अभ्यासात नव्हत्याच. आकडा कुणाचा आहे हे विचारणं आकड्याइतकंच महत्त्वाचं. नागिणीचा धोका मात्र या गोळ्यांनी वाढतो तो वयाने लहान असलात तरी, त्यामुळे नागिणीच्या लशीबद्दल सुरू करण्याआधीच विचारून घ्या.

मेथोट्रेक्सेटचा असाच एक छान हिशोब आहे. हार्टच्या हजारो पेशंटना, ज्यांना आमवात नव्हता, अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट आणि अर्ध्यांना खोटी गोळी देऊन पाहिली. कुठला ना कुठला त्रास झाला असं सांगणारे औषधाच्या गटात शंभरात सुमारे ८७, आणि खोट्या गोळीच्या गटात? ८१! म्हणजे सर्दी, पोट बिघडणं, थकवा हे माणसाला दोनेक वर्षांत होतच असतं, आपण गोळी घेत असलो की बिल गोळीच्या नावावर फाडतो. खरा जादा त्रास आहेच, पोटाचा, लिव्हरचा, रक्तपेशींचा, इन्फेक्शनचा, फुप्फुसांचा, आणि गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये त्वचेच्या काही कॅन्सरचा, पण पत्रक वाचून वाटतो तितका नाही.

आठवड्यातून एकदा. रोज नाही.

या औषधाने झालेले सगळ्यात भयानक अपघात औषधामुळे कमी आणि चुकून रोज घेतल्यामुळे जास्त झालेत. रोज घेतलं तर काही दिवसांत तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात आणि माणूस दगावू शकतो. आपल्याकडे त्यात भर म्हणजे नावांचा घोळ, मेथोट्रेक्सेटचा एक प्रसिद्ध ब्रँड फॉलिट्रॅक्स आणि फॉलिक अॅसिडचा प्रसिद्ध ब्रँड फॉलव्हाइट, घाईत असलेल्या मेडिकलवाल्याने किंवा चष्मा न लावलेल्या आजोबांनी अदलाबदल केली की संपलं. मग करायचं काय, तर वार ठरवा आणि तो प्रिस्क्रिप्शनवर अक्षरात लिहून घ्या, "दर रविवारी". कालनिर्णयवर सगळ्या रविवारांना लाल गोल करा आणि गोळी घेतली की त्यावर काट मारा. फॉलिक अॅसिड दुसऱ्या वारी, दुसऱ्या डबीत. एकाच ताकदीच्या गोळ्या घ्या, घरात २.५ आणि १० दोन्ही ठेवू नका. विसरलात तर एक-दोन दिवसांत घेता येते, त्यापुढे सोडून द्या आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट घेऊ नका.

दुसऱ्या डॉक्टरकडे लघवीच्या इन्फेक्शनसाठी किंवा जुलाबासाठी गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. सेप्ट्रान नावाने ओळखलं जाणारं अँटिबायोटिक याच्याबरोबर घेतलं तर रक्तपेशी धोकादायक कमी होऊ शकतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, डेंग्यू किंवा तापाचं मोठं इन्फेक्शन असेल तर त्या आठवड्याची गोळी थांबवायची का ते फोन करून विचारा, बहुतेक डॉक्टर थांबवाच म्हणतात. एक आठवडा चुकल्याने आजार सहसा उसळत नाही.

बायोलॉजिकच्या आधी टीबी

साध्या गोळ्यांनी भागलं नाही की अॅडॅलिमुमॅब, इटॅनरसेप्ट अशी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, इंजेक्शनं येतात आणि इथे पाश्चात्य साइट वाचून आपला धोका मोजू नका. राष्ट्रीय पाहणीत भारतात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा सुप्त जंतू असल्याचं दिसलं. शरीर त्याच्याभोवती कुंपण घालून बसलेलं असतं आणि टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं नेमकं तेच कुंपण कमकुवत करतात. म्हणून छातीचा एक्सरे, मॅंटू किंवा इग्रा टेस्ट (दोन्ही सुप्त टीबी शोधणाऱ्या) आधी, आणि पॉझिटिव्ह आली तर टीबी प्रतिबंधक औषधं सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन. घरात कुणाला कधी टीबी झाला होता का हे लाजेकाजेस्तव लपवू नका, आपल्याकडे ते फार लपवतात. या गटात इटॅनरसेप्टमध्ये टीबीचा धोका बाकीच्यांपेक्षा कमी दिसलाय, तेव्हा "माझ्यासाठी हेच का?" हा प्रश्न रास्त आहे. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही याच वेळी तपासून घेतात, त्यात खास करून रिटक्सिमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकच्या आधी हिपॅटायटिस बी, कारण दबलेला व्हायरस परत उसळू शकतो. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्या. जिवंत जंतूंच्या लसी मात्र इंजेक्शनं चालू असताना नाहीत.

पैशांचा प्रश्न कुणी काढत नाही म्हणून मीच काढते. महाग म्हणजे सरसच असं नाही. २०१३ मध्ये एका ट्रायलमध्ये नुसत्या मेथोट्रेक्सेटने न भागलेल्या ३५३ लोकांना एकीकडे सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडून तीन स्वस्त गोळ्या आणि दुसरीकडे इटॅनरसेप्ट देऊन पाहिलं, तीन गोळ्या काही कमी पडल्या नाहीत. बायोलॉजिक लागलंच तर भारतीय बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखीच, दुसऱ्या कंपनीने बनवलेली) आहेत, अॅडॅलिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आलं. अर्धवट कोर्स करून पैसे संपले म्हणून सोडण्यापेक्षा परवडेल ते नेमाने घेणं बरं, हे डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगा.

ज्याला कुणी घाबरत नाही ते स्टेरॉइड

गंमत बघा, मेथोट्रेक्सेटला घाबरणारे लोक प्रेडनिसोलोन मात्र मेडिकलमधून स्वतःच आणून खातात, कारण दोन दिवसांत बरं वाटतं. इम्युनिटी तेही दाबतं, वर साखर, बीपी, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू. अगदी ५ मिलिग्रॅमचा छोटा डोस ६५ वर्षांवरच्यांना दोन वर्षं देऊन पाहिला तेव्हा आजार आणि सांध्यांची झीज कमी झाली हे खरं, पण नोंदवण्यासारखा त्रास झालेले लोक ६० टक्के, खोट्या गोळीत ४९. त्यातली बरीचशी साधी इन्फेक्शनं होती. म्हणजे सुरुवातीला, मुख्य औषध लागू पडेपर्यंतचे दोन-तीन महिने, कमीत कमी डोसमध्ये स्टेरॉइड ठीक आहे, कायमचा सोबती म्हणून नको. काही महिने घेतलं असेल तर झटकन बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. आणि कुणाच्या पुडीने दोन दिवसांत सगळी सूज उतरली तर त्या पुडीत काय आहे याचा संशय घ्या, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडलेलं आहे.

गुळवेलही यातच. इम्युनिटी वाढवायला म्हणून करोनात घराघरात काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, त्यात ऑटोइम्यून प्रवृत्तीची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची) लक्षणं दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती, वाद चालू राहो, पण ज्याचा आजारच अतिउत्साही इम्युनिटीचा आहे आणि जो लिव्हर सांभाळून घ्यावं लागतं असं औषध घेतोय त्याने तो काढा प्यायचा कशाला?

मूल हवं असेल तर

हा भाग सुरू करण्याआधीच बोलायचा. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड (आमवाताची आणखी एक गोळी) गरोदरपणात चालत नाहीत, गर्भाला इजा होते. मेथोट्रेक्सेट एक ते तीन महिने आधी बंद करावं लागतं, लेफ्लुनोमाइड शरीरात फार रेंगाळतं म्हणून ते बाहेर काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन गरोदरपणातही चालू ठेवता येतात. सल्फासलाझिनने पुरुषांचा स्पर्म काउंट तात्पुरता घटू शकतो, हे नवऱ्याला आमवात असेल तर कुणी सांगतच नाही. पाळीची तारीख चुकली आणि गोळी चालू असेल तर लपवू नका, लगेच फोन करा. सासरी सांगायचं की नाही हा पुढचा प्रश्न, डॉक्टरांना मात्र आज सांगा.

तीन महिन्यांनी परत हिशोब

मेथोट्रेक्सेटला लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोपर्यंत "काही फरक नाही" म्हणून सोडणं म्हणजे धोका पत्करून फायदा घ्यायच्या आत उठून जाणं. तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारा, माझा सीडीएआय स्कोअर (आजार किती पेटलेला आहे याचा आकडा) किती होता आणि आता किती आहे. सुजलेले सांधे, दुखणारे सांधे आणि तुमचं-डॉक्टरांचं मत मिळून हा आकडा निघतो, १० च्या आत म्हणजे आजार कमी, २.८ च्या आत म्हणजे रेमिशन. तीन महिन्यांत निम्माही उतरला नसेल किंवा सहा महिन्यांत १० च्या आत आला नसेल तर "चालू ठेवा" एवढ्यावर उठू नका, बदल काय करायचा ते विचारा. फायदाच होत नसेल तर थोडासा धोकाही महाग आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासा, योग्य डोसमध्ये पहिल्या पाच वर्षांत धोका शंभरात एकाहून कमी असतो, पण वीस वर्षांनी तो बराच वाढतो.

आणि तो मावशीचा प्रश्न, सुटणार कधी? वर्षभर पूर्ण शांत असेल तर कमी करून बघता येतं, पण नॉर्वेच्या एका ट्रायलमध्ये रेमिशनमधल्या लोकांची गोळी निम्मी केल्यावर वर्षभरात शंभरातल्या २५ जणांचा आजार उसळला, डोस तसाच ठेवलेल्यांत फक्त ६. म्हणजे कमी केलेल्यांतले ७५ जण निम्म्या डोसवरही ठीक राहिले. २५ कडे बघायचं की ७५ कडे, हे तुमचे सांधे आधी किती झिजलेत यावर ठरवा. कमी करायचंच झालं तर आधी स्टेरॉइड बंद, मग बाकीचं, एका वेळी एकच औषध आणि हळूहळू. परीक्षा, लग्नकार्य, घर बदलणं असल्या धावपळीच्या महिन्यात नको.